छोट्या चार्टर कंपन्यांच्या मालकांनो, टायरच्या हवेची वही दाखवा

प्रति,
छोट्या चार्टर विमान कंपन्यांचे मालक, संचालक आणि अकाउंटेबल मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या माहितीपत्रकात एक ओळ हमखास असते : ‘इतक्या वर्षांत एकही अपघात नाही.’ ती खरीच असेल. पण विमानात बसणाऱ्याला जे कळायला हवे ते त्या ओळीतून कळत नाही, आणि तुम्हालाही कळत नाही. म्हणून हे पत्र. आम्ही चार्टर, म्हणजे मागणीनुसार भाड्याने दिली जाणारी, विमाने उडवणारे, दुरुस्त करणारे आणि त्यांची कागदपत्रे बनवणारे लोक आहोत.

आधी थोडा हिशोब करू. समजा, कंपनीकडे ३ विमाने आहेत आणि प्रत्येक विमान वर्षाला ४०० तास उडते. वर्षाचे १,२०० तास झाले, १० वर्षांचे १२,०००. आता असे धरा की बऱ्यापैकी चालवलेल्या कंपनीत १ लाख तासांमागे एक जीवघेणा अपघात होतो आणि आपली कंपनी तिच्या दहापट धोकादायक आहे, म्हणजे १० हजार तासांमागे एक. अशा कंपनीची १० वर्षे एकाही अपघाताशिवाय जाण्याची शक्यता सुमारे ३० टक्के निघते. ५ वर्षांसाठी ती ५५ टक्के होते. म्हणजे दहापट धोकादायक असलेल्या दर दहा कंपन्यांपैकी तीन कंपन्यांची पाटी १० वर्षांनंतरही कोरीच राहील. ३०० विमानांच्या एअरलाइनची विमाने दिवसाला १० तास उडत असतील, तर तुमचे १० वर्षांचे तास तिथे चार दिवसांत पुरे होतात. त्यांच्या आकड्यांतून काहीतरी कळते. तुमच्या शून्यातून फारसे काही कळू शकत नाही, कारण तास तेवढे नाहीत.

मग सुरक्षेची नोंद शोधायची कुठे? हँगरमधल्या वह्यांत. टायरच्या हवेची वही, टेकलॉग (विमानातले दोष आणि दुरुस्त्या लिहायची वही), पुढे ढकललेल्या दोषांची यादी, लोडशीट (माणसे, सामान आणि इंधन यांच्या वजनाचा कागद), क्रूच्या ड्युटीचा तक्ता. अपघात दहा वर्षांत एकदा होईल किंवा होणारही नाही, पण या वह्यांत रोज काहीतरी घडत असते.

टायरपासून सुरुवात करतो, कारण ही गोष्ट सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित आहे.

१९ सप्टेंबर २००८ रोजी अमेरिकेतील साउथ कॅरोलायनामधल्या कोलंबिया विमानतळावरून एक चार्टर लिअरजेट ६० टेक-ऑफसाठी धावत असताना त्याचे मुख्य टायर फुटले. कॅप्टनने व्ही-वनच्या, म्हणजे ज्या वेगानंतर टेक-ऑफ सोडायचा नसतो त्याच्या, पुढे गेल्यावर टेक-ऑफ सोडला. टायरच्या तुकड्यांनी चाकांजवळच्या वायरिंगचे आणि सेन्सरचे असे नुकसान केले की विमान हवेत आहे असे यंत्रणेला वाटले. इंजिनाचा जोर उलटा वळवून विमान थांबवणारे थ्रस्ट रिव्हर्सर आपोआप मिटले आणि इंजिने विमानाला थांबवण्याऐवजी पुढे ढकलू लागली. सहापैकी चार जण गेले. तपासात टायरबद्दल निघाले ते असे : टायरची हवा सुमारे तीन आठवडे कुणी मोजली नव्हती. त्या टायरमधून दिवसाला सुमारे २ टक्के हवा कमी होत होती. देखभाल पुस्तिकेप्रमाणे टायर बदलायला लागावेत इतकी हवा आठवडाभरातच उतरली होती. अपघाताच्या रात्री ती सुमारे ३६ टक्के कमी होती.

ज्यांनी हे टायर जवळून पाहिलेले नाहीत त्यांना वाटेल, इतकी हवा कमी असलेला टायर डोळ्यांना दिसणार नाही का? दिसत नाही. मोटारीचा टायर बसतो तसा जेटचा टायर बसत नाही. त्याची बाजू इतकी कडक असते की एक तृतीयांश हवा गेली तरी तो शेजारच्या टायरसारखाच दिसतो. पायाने ठोकून, वाकून, टॉर्च मारून काही कळत नाही. गेजच लावावा लागतो. कमी हवेचा टायर वेगात फिरताना प्रत्येक फेरीला जास्त वाकतो, आतून तापतो आणि त्याचे थर सुटू लागतात. एकाच पायावर दोन टायर असतील तर एकाच्या वाट्याचा भार दुसऱ्यावर पडतो. म्हणून एक टायर फारच खाली गेलेला सापडला तर त्याच्या जोडीदाराचाही विचार करावा लागतो. तो कुठल्या मर्यादेला काढायचा हे पुस्तिकेत लिहिलेले असते. हवा भरून विषय मिटवता येत नाही.

मोजण्याचीही रीत आहे. टायर थंड असायला हवा, म्हणजे लँडिंगनंतर किमान दोन ते तीन तास गेलेले असावेत. गरम टायर मोजला तर आकडा जास्त दिसतो आणि माणूस निश्चिंत होतो. तापमान ३ अंश सेल्सियसने उतरले की दाब साधारण १ टक्का उतरतो. उष्ण ठिकाणी पुरेपूर भरलेले टायर घेऊन ३० अंशांनी थंड ठिकाणी मुक्काम केला, तर सकाळी १० टक्के हवा गळती नसतानाही कमी झालेली असते. भरायचा तो नायट्रोजन. गेजचे कॅलिब्रेशन वेळेत झालेले हवे. आणि मोजलेला आकडा लिहायचा. नुसती बरोबरची खूण नको. ‘ओके’ लिहिलेल्या ३० ओळींतून काही समजत नाही. ३० दिवसांचे आकडे समोर असले की कोणता टायर रोज १ टक्का सोडतो आणि कोणता ३ टक्के, हे दहा सेकंदांत दिसते.

कोलंबियाच्या तपासात आणखी एक गाठ निघाली. तिथल्या नियमांच्या अर्थानुसार टायरची हवा मोजणे हे देखभालीचे काम ठरत होते, म्हणून चार्टर उड्डाणाच्या वैमानिकाने ते करायचे नव्हते. आणि छोट्या कंपनीचा अभियंता रोज विमानापाशी असतोच असे नाही. विमान चार दिवस बाहेरगावी फिरत असेल तर मोजणार कोण? आपल्याकडे हे काम कोणाचे, बाहेर असताना कोणाचे, आणि गेज व नायट्रोजन कुठून मिळणार, हे एका कागदावर लिहून ठेवा. बहुतेक ठिकाणी हा कागदच नसतो.

टेकलॉगकडे वळू. कंपनीचा टेकलॉग वाचायचा असेल तर दोष काय लिहिले आहेत यापेक्षा ते कुठे लिहिले आहेत हे आधी पाहा. गेल्या सहा महिन्यांतल्या स्नॅगची, म्हणजे नोंदवलेल्या दोषांची, यादी घ्या आणि प्रत्येकापुढे तो कोणत्या विमानतळावर नोंदवला ते लिहा. विमान निम्मे सेक्टर (उड्डाणाचे टप्पे) बाहेरून उडते आणि जवळजवळ सगळे स्नॅग घरच्या तळावर उतरल्यावरच नोंदवलेले आहेत, असे दिसले तर विमान घरी आले की बिघडते असा त्याचा अर्थ नाही. बाहेर सापडलेला दोष वैमानिक तोंडी घेऊन येत आहेत, कारण तिथे लिहिला तर विमान जागेवर अडकेल, अभियंता पाठवावा लागेल आणि ग्राहक ओरडेल. मधले दोन-तीन सेक्टर ते विमान कागदावर धडधाकट होते, प्रत्यक्षात नव्हते.

एमईएल म्हणजे कोणते दोष असतानाही ठरावीक मुदतीपर्यंत उडता येते त्याची यादी. तिचेही तसेच. ब वर्गातला दोष ३ दिवस, क वर्गातला १० दिवस आणि ड वर्गातला १२० दिवस पुढे ढकलता येतो. ही मुदत सुटा भाग मागवून तो बसवण्यासाठी दिलेली सवलत आहे. दहाव्या दिवशी दोष ‘तपासला, ठीक आढळला’ म्हणून बंद होतो आणि बाराव्या दिवशी तोच दोष नव्याने उघडतो, असे दिसत असेल तर घड्याळ मागे फिरवले जात आहे. तारखा शेजारी शेजारी मांडल्या की हे लपत नाही. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला बसवण्याची पद्धत जिथे आहे, तिथे त्या भागाचा अनुक्रमांक, त्याचे तास आणि त्याचे रिलीज सर्टिफिकेट त्याच्याबरोबर गेले का, हे पाहा. पाना फिरवायला अर्धा तास लागतो. कागदाला तीन दिवस लागतात, आणि तो मागे राहतो.

वजनाबद्दल बोलायला आम्हाला जास्त जागा लागेल, कारण छोट्या विमानात चूक पचत नाही. १५० जणांच्या विमानात सरासरी वजन धरले तरी जड-हलके एकमेकांना सांभाळून घेतात. ८ जणांत तसे होत नाही. आठही प्रवासी धरलेल्या वजनापेक्षा १० किलोने जास्त आणि प्रत्येकाचे सामान ८ किलोने जास्त असेल तर १४४ किलो वाढले. जेट इंधनाच्या हिशोबात हे सुमारे १८० लिटर होतात, कारण एका लिटरचे वजन साधारण ०.८ किलो असते. म्हणजे लोडशीट वजन न करता भरली तर तुम्ही १८० लिटर इंधन न मोजता घेऊन उडालात. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामातल्या मार्श हार्बरहून निघालेले सेस्ना ४०२ टेक-ऑफनंतर लगेच कोसळले आणि ९ जण गेले. विमान मर्यादेपेक्षा जड होते आणि गुरुत्वमध्य मागच्या मर्यादेच्याही मागे गेला होता. याच्या उलट बाजूचे उदाहरण २ फेब्रुवारी २००५ चे आहे. न्यू जर्सीच्या टेटरबरोला चॅलेंजर ६०० चे नाक वर उचललेच गेले नाही, कारण गुरुत्वमध्य पुढच्या मर्यादेच्याही पुढे होता. विमान धावपट्टी, कुंपण आणि हमरस्ता ओलांडून एका गोदामात घुसले. कुणाचा जीव गेला नाही. ज्या कंपनीने ते उड्डाण विकले होते ती दुसऱ्याच कंपनीच्या परवान्याखाली विमाने चालवत होती, हेही त्या तपासात पुढे आले.

पाठ अशी की एकूण वजन मर्यादेत असणे पुरेसे नाही. कोण कोणत्या सीटवर बसला आणि बॅगा पुढे ठेवल्या की मागे, हेही लोडशीटवर यायला हवे. प्रवाशाला वजनकाट्यावर उभे राहायला सांगणे अवघड वाटते, विशेषतः तो मोठा ग्राहक असेल तर. सामान मोजण्याच्या काट्यावरच, कुणाला आकडा न दाखवता, सगळ्यांना उभे केले तर कुणी हरकत घेत नाही. बुकिंगच्या वेळी सांगून ठेवले असेल तर मुळीच नाही. तुम्हाला स्वतःची तपासणी करायची असेल तर गेल्या महिन्यातल्या २० लोडशीट काढा. सगळ्यांवर प्रवाशांचे वजन एकसारखे आणि बॅगांचा आकडा दहाने भाग जाणारा असेल, तर त्या काट्याजवळ बसून भरलेल्या नाहीत.

इंधनाच्या बाबतीत एकच पायरी सांगतो, कारण ती रोज गाळली जाते. टाकीत आधी उरलेले इंधन, अधिक टँकरच्या पावतीवरचे लिटर गुणिले घनता, यांची बेरीज विमानाच्या गेजवरच्या आकड्याशी जुळवायची. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे, समजा ३ टक्क्यांपलीकडे फरक आला तर कारण सापडेपर्यंत इंजिन सुरू करायचे नाही. पिस्टन इंजिनाच्या विमानात पावतीवर ‘जेट’ लिहिले आहे की ‘अ‍ॅव्हगॅस’ (पिस्टन इंजिनाचे इंधन) हे वैमानिकाने स्वतः वाचायचे. २७ ऑगस्ट २०१४ रोजी न्यू मेक्सिकोतल्या लास क्रुसेसला पिस्टन इंजिनाच्या सेस्ना ४२१ रुग्णवाहिकेत जेट इंधन भरले गेले आणि चौघे गेले. राखीव इंधनाविषयी सगळ्यांना ठाऊक असते : गंतव्यापर्यंत, तिथून पर्यायी विमानतळापर्यंत, आणि त्यावर टर्बाइन विमानाला अखेरची ३० मिनिटे. तरीही २८ नोव्हेंबर २०१६ रोजी बोलिव्हियाहून कोलंबिया देशातल्या मेडेयिनकडे फुटबॉल संघ घेऊन निघालेल्या लामिया कंपनीच्या चार्टर विमानाच्या फ्लाइट प्लॅनमध्ये प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटे होता आणि इंधन पुरण्याचा वेळही ४ तास २२ मिनिटे. दोन्ही आकडे एकाच कागदावर होते. विमान इंधन संपून डोंगरात पडले आणि ७७ पैकी ७१ जण मेले. तुमचे किती फ्लाइट प्लॅन वैमानिकाखेरीज दुसरा कुणी वाचतो?

आता ज्या मुद्द्यासाठी खरे तर हे पत्र लिहायला घेतले तो. विमान निघायचे की नाही, उतरायचे की नाही, हे कोण ठरवते?

२९ मार्च २००१ रोजी कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला गल्फस्ट्रीम ३ चार्टर विमान धावपट्टीच्या आधी टेकडीवर आदळले आणि १८ जण गेले. प्रवासी उशिरा आल्यामुळे विमान उशिरा निघाले होते आणि डोंगरातल्या त्या विमानतळावर उतरण्याची वेळ अंधारामुळे संपत आली होती. दुसरीकडे उतरावे लागेल अशी शक्यता कळताच ग्राहक संतापला, आणि तो संताप वैमानिकांपर्यंत पोहोचला. शेवटी त्यांनी धावपट्टी न दिसताच ठरलेल्या किमान उंचीच्या खाली विमान नेले. तपास अहवालाने ग्राहकाचा दबाव अपघाताला हातभार लावणारे कारण म्हणून नोंदवला.

हा दबाव कॉकपिटमध्ये थोपवता येत नाही. तो बुकिंगच्या टेबलावर थोपवावा लागतो. करार करतानाच लिहून द्या : ‘अमुक वेळेनंतर हे विमान निघणार नाही, आणि हवामान या आकड्याखाली गेले तर अमुक ठिकाणी उतरेल. पुढच्या मोटारींची सोय आम्ही करू.’ ग्राहकाला वैमानिकाचा फोन नंबर देऊ नका. उड्डाण रद्द झाले तरी वैमानिकाला त्या दिवसाचे पूर्ण पैसे द्या. आपल्या व्यवसायात कितीतरी वैमानिक दिवसावर काम करतात. विमान उडाले तर पैसे, नाही तर नाही, अशी पद्धत असेल तर तुमच्या मॅन्युअलमधला ‘अंतिम निर्णय कॅप्टनचा’ हा नियम तुम्ही स्वतःच पगाराच्या कागदावर खोडलेला आहे. या एका वाक्यावरून आमच्यावर कुणी रागावले तरी चालेल.

गो-अराउंडची, म्हणजे उतरणे सोडून विमान पुन्हा वर नेण्याची, नोंदही इथेच येते. कंपनीने वर्षात काही शे अ‍ॅप्रोच (उतरण्याचे प्रयत्न) केले आणि एकही गो-अराउंड नोंदवला नाही, तर ते कौतुकाचे नाही. ढगांत १,००० फुटांवर आणि उघड्या हवेत ५०० फुटांवर विमान स्थिर नसेल, म्हणजे वेग, उतरण्याचा दर, फ्लॅप, चाके हे सगळे जागेवर नसेल, तर परत वर जायचे हा नियम सगळ्यांच्या मॅन्युअलमध्ये असतो. इतक्या अ‍ॅप्रोचपैकी एकदाही तशी वेळ आली नाही हे शक्य वाटत नाही. एक तर अस्थिर विमाने उतरवली जात आहेत, किंवा गो-अराउंड केल्यावर जाब विचारला जातो म्हणून कुणी लिहीत नाही.

रिकाम्या सेक्टरकडेही लक्ष द्या. प्रवासी उतरले की शिस्तही उतरते. १५ मे २०१७ ला टेटरबरोला सर्कलिंग (उतरण्याआधी विमानतळाभोवती वळण) करताना स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल जाऊन, पडलेले लिअरजेट ३५ प्रवाशांशिवाय ‘फेरी फ्लाइट’वर, म्हणजे रिकामे विमान नुसते दुसरीकडे नेण्याच्या उड्डाणावर, होते. दोन्ही वैमानिक गेले. जवळजवळ सारा वेळ विमान सहवैमानिक उडवत होता, आणि कंपनीच्याच नियमाप्रमाणे त्याच्या श्रेणीच्या सहवैमानिकाला ती परवानगी नव्हती. ड्युटीच्या तक्त्यात फेरी फ्लाइट मोजली जाते का तेही पाहा. पहाटे चारला उठून सहाला निघायचे, प्रवाशांना सोडून दिवसभर विमानतळावरच्या खुर्चीत थांबायचे, रात्री त्यांना परत आणायचे आणि मग विमान रिकामे दुसऱ्या गावी न्यायचे, या दिवसात खुर्चीतल्या नऊ तासांना विश्रांती म्हणता येत नाही. पलंग, अंधार आणि शांत खोली असेल तरच ती विश्रांती.

आणि चेकलिस्ट. ३१ मे २०१४ ला मॅसॅच्युसेट्समधल्या बेडफर्डला एक खासगी गल्फस्ट्रीम ४ गस्ट लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावायचा अडसर) न काढताच टेक-ऑफला धावले आणि सात जण गेले. लॉक लागलेले आहे हे कळायला सुकाणू एकदा पुरते मागे-पुढे, डावीकडे-उजवीकडे फिरवणे पुरेसे होते. रेकॉर्डरमधला डेटा काढला तेव्हा दिसले की आधीच्या १७५ पैकी ९८ टक्के टेक-ऑफना ही तपासणी पूर्ण केलीच नव्हती. दोघेही अनुभवी, वर्षानुवर्षे एकत्र उडणारे. त्यांच्या विभागाकडे बाहेरच्या सुरक्षा ऑडिटचे प्रमाणपत्रही होते. तो डेटा अपघाताआधीही विमानातच होता. कुणीतरी महिन्यातून एकदा काढून पाहिला असता तर पहिल्याच महिन्यात कळले असते. तुमच्या विमानांतही असा रेकॉर्डर बहुधा असेल. तो वाचायला मोठी यंत्रणा लागत नाही. काय पाहायचे ते आधी ठरवा : टेक-ऑफपूर्वी कंट्रोल पूर्ण फिरवले का, ५०० फुटांवर वेग किती होता, धावपट्टीच्या कितव्या भागात चाके टेकली. आणि त्यावरून वैमानिकाला शिक्षा करायची नाही हेही आधीच लेखी ठरवा. नाहीतर महिनाभरात रेकॉर्डर ‘नादुरुस्त’ निघू लागेल.

आमची मागणी अशी आहे. जो ग्राहक मागेल त्याला गेल्या ९० दिवसांची टायरची वही, आज उघडे असलेले एमईएल दोष तारखांसह, आणि वर्षभरात किती उड्डाणे कंपनीने स्वतः नाकारली, उशिरा सोडली किंवा वळवली त्याचा आकडा दाखवा. हा शेवटचा आकडा शून्य असेल तर तो लपवू नका, पण पुढच्या बैठकीत त्याचे कारण विचारा. ग्राहकाने बोट ठेवलेल्या कोणत्याही एका उड्डाणाची लोडशीट नावे झाकून त्याला द्या. महिन्यातून एका सकाळी, न सांगता, स्वतः हँगरमध्ये जा.

गेलात तर टायरची वही आधी मागा. त्यात तारीख, वेळ, बाहेरचे तापमान, प्रत्येक चाकाचा आकडा आणि मोजणाऱ्याची सही असे रकाने पुरतात. मग गेज हातात घ्या आणि त्याच्या मागच्या लेबलवर कॅलिब्रेशनची तारीख वाचा.

आपले,
चार्टर विमानांवर काम करणारे वैमानिक, देखभाल अभियंते आणि डिस्पॅचर